पटवाऱ्याचे दप्तर आणि पहाणीचा कागद

राज्ये येतात आणि जातात, राजभाषा बदलते, कचेरीवरील निशाण बदलते. परंतु शेतकऱ्याचा एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या तोच राहतो. आपण कसतो ती जमीन सरकारच्या कागदावर कोणाच्या नावाने लिहिली आहे? महाराष्ट्रातील शेतकरी ज्याला सातबारा म्हणतो, त्यालाच बीदर जिल्ह्यातील चिटगुप्पा परिसरात 'पहाणी' म्हणतात. या एका कागदाचा इतिहास पाहिला, तर सरकारी कारभार कसा सुधारतो आणि ती सुधारणा कोठे अडते, हे दोन्ही कळून येते.

निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी केली आणि महसुलाची पद्धतशीर व्यवस्था लावण्यास आरंभ केला. तथापि चिटगुप्पा हा पायगा जहागिरीचा मुलूख होता. निजामाची फौज बाळगण्यासाठी दिलेल्या या जहागिरींत वसुली जहागीरदाराची, अंमलदार त्याचे आणि दप्तरही त्याचेच. रयतेच्या हक्काची नोंद ही तेथे सार्वजनिक वस्तू नव्हती, ती धन्याची खाजगी बाब होती.

१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या. पुढे १९५४-५५ मध्ये हैदराबाद राज्यात खासरा पाहणी झाली. जमीन कोणाची, ताबा कोणाचा, कसतो कोण, हे शेतागणिक लिहिले गेले. पुढील कित्येक वर्षे वारस कचेरीत वाद घालीत ते याच पाहणीच्या आधारे. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, बीदर म्हैसूर राज्यात गेले, आणि उर्दूत लिहिलेल्या दप्तरापुढे कन्नड दप्तर सुरू झाले. घरात मराठी बोलणाऱ्या कुटुंबाचा हक्क प्रथम एका परक्या लिपीत आणि नंतर दुसऱ्या लिपीत नांदू लागला.

लिपी कोणतीही असो, दप्तर मात्र एकाच माणसाच्या हाती असे. १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरागत ग्रामाधिकार संपले आणि पटवाऱ्याच्या जागी पगारी ग्रामलेखापाल आला. पण नोंदवही त्याच्याच पेटीत राहिली. उतारा हवा तर त्याला गाठावे लागे, आणि वारसाची नोंद व्हावी तर त्याची मर्जी सांभाळावी लागे. वहीत काय लिहिले आहे हे ज्याला दिसत नाही, तो लिहिणाऱ्याचा मिंधा होतो.

यंत्राची कल्पना पुढे आली ती या दुखण्यावर उपाय म्हणून. कर्नाटकातील पहिला प्रयोग झाला तो शेजारच्याच गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी, जिल्ह्यात, १९९१ साली. तो फळास आला नाही, आणि त्याचे कारण मोठे बोधप्रद आहे. खरेदी, वाटणी, वारसा यांचे फेरफार होतात तालुक्याच्या कचेरीत. संगणक मात्र तेथे बसविण्याची तरतूदच नव्हती. त्यामुळे वही पुढे जाई आणि यंत्र मागे राही.

सुमारे २००० साली आकाराला आलेल्या 'भूमी' योजनेने हा दोष नेमका ओळखला. राज्यातील तेव्हाच्या १७७ तालुक्यांत संगणक बसले आणि सुमारे ६७ लाख खातेदारांच्या दोन कोटी नोंदी त्यांत उतरविण्यात आल्या. पंधरा रुपयांत, कोणाचीही मनधरणी न करता, छापील पहाणी मिळू लागली. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकालात काढावेत असा नियम झाला. नोंद बदलणाऱ्या अधिकाऱ्यास बोटाचा ठसा द्यावा लागू लागला. आणि ज्या तालुक्यात यंत्र चालू झाले, तेथे हस्तलिखित उतारा बेकायदा ठरला. या एका कलमाने वहीची जुनी सत्ता मोडली. १९९१ च्या प्रयोगात जुनी वही चालूच राहिली होती, म्हणून नवे यंत्र लुळे पडले. येथे परतीची वाटच बंद झाली.

तरीही यंत्राकडून भलत्या अपेक्षा करू नयेत. वहीतील चूक यंत्रात शिरली म्हणजे ती शुद्ध होत नाही. उलट सुबक छापून येते आणि अधिक खरी भासते. उताऱ्याच्या नवव्या रकान्यात जमीनधारकाचे नाव आणि बाराव्यात कसणाऱ्याची व पिकाची नोंद असते. बांधावर जाऊन पाहिल्यावाचून हा बारावा रकाना भरला, तर जगातील कोणतेही यंत्र तो खरा करू शकत नाही. शिवाय उतारा कन्नडमध्ये असतो. ज्याला ती लिपी येत नाही, त्याच्या हाती कागद असूनही तो दुसऱ्याचे तोंड पाहतो. पूर्वी वही दिसत नव्हती, आता दिसते. पण दिसणे म्हणजे वाचता येणे नव्हे.

पूर्वी हुमनाबाद तालुक्यात मोडणारे चिटगुप्पा २०१८ साली स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले. जेथे एकेकाळी जहागिरीचे दप्तर चाले, तेथे आता प्रजेचे दप्तर आले आहे. सरकारने दप्तराची पेटी उघडली, हे मोठेच काम झाले. उरलेले काम घराघरांतले आहे. शाळेत कन्नड शिकणाऱ्या मुलाने एका संध्याकाळी आजोबांना घरची पहाणी रकान्यागणिक वाचून दाखवावी, आणि चूक आढळली तर ती आजोबांच्या हयातीतच दुरुस्त करून घ्यावी. साक्ष देणारा माणूस गेल्यावर कागदाशी भांडणे फार कठीण असते.