धनुष्याची दोरी

मिनेसोटातल्या हेस्टिंग्ज गावाने मिसिसिपीवर १८९५ साली पूल बांधला तो अजब होता. खालून आगबोटी जाव्यात म्हणून पूल उंच हवा. पण सरळ उतार काढला तर रस्ता बाजारपेठेवरून पुढे निघून गेला असता. म्हणून गावाच्या बाजूला रस्ता जिन्यासारखा गरगर फिरवून थेट पेठेत उतरवला. घोडागाड्यांना ते ठीक होतं. ट्रक आले आणि १९५१ मध्ये शेजारी दोन लेनचा पोलादी पूल उभा राहिला. गोल पूल पाडला.

या दुसऱ्या पुलाचं नशीब मात्र वरच्या अंगाला असलेल्या मिनिॲपोलिसमध्ये ठरलं. १ ऑगस्ट २००७ रोजी तिथला आय-३५डब्ल्यू महामार्गाचा पूल संध्याकाळच्या गर्दीत नदीत कोसळला. १३ माणसं गेली. चौकशीत सापडलं काय, तर पोलादी दांड्या जोडणाऱ्या काही पट्ट्या अर्धा इंच जाडीच्या होत्या. हवी होती त्याच्या साधारण निम्मी जाडी. १९६० च्या दशकातली आकडेमोडीची चूक! चाळीस वर्षं पुलाची तपासणी होत होती, पण तपासणारा गंज आणि भेगा बघतो, मूळ गणित पुन्हा मांडत नाही. (आम्ही तरी जुना, चालणारा कोड कुठे उघडून बघतो?)

२००८ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार डावलून इंधनकर वाढवला. एक भाग तुटला तर अख्खा पूल जाईल, अशा पुलांवर तो पैसा आधी खर्च व्हायचा होता. हेस्टिंग्जचा पूल त्यातलाच.

नवा पूल कमानीचा ठरला, आणि मला गंमत वाटते ती इथेच. कमानीचे पाय बाहेर फाकू पाहतात. त्यांना धरून ठेवणारा आडवा तुळईसारखा भाग म्हणजे धनुष्याची दोरी. ती तुटली की कमान गेली. म्हणजे भीती तीच. फरक इतकाच की यावेळी ती आधीच ओळखली होती. दोरी एकसंध पोलादाची न करता काँक्रीटची केली आणि आतून ताणलेल्या तारांचे जुडगे नेले. एखादी तार तुटली, तर बाकीच्या भार घेतात.

१६६ मीटरची ती कमान काठावर जोडून सप्टेंबर २०१२ मध्ये तराफ्यांवरून नदीत आणली, वर उचलली. २०१३ मध्ये वाहतूक सुरू झाली, जुना पूल उतरवला गेला. १८९५ च्या गोल पुलाची छोटी प्रतिकृती मात्र गावाच्या दक्षिणेला एका संग्रहालयात उभी आहे.