‘काडाव्हर’: एका शब्दाची युद्धकथा

‘अश्वत्थामा मेला’ हें धर्मराजाचें वाक्य अक्षरशः खरें होतें. मेला तो हत्ती, एवढेंच द्रोणाचार्यांस नीट ऐकूं आलें नाहीं. युद्धांत असत्य पसरविण्यास नवे शब्द लागतातच असें नाहीं; जुन्या शब्दांतील नर व पशु हा भेद पुसला तरी काम भागतें. पहिल्या महायुद्धांत या ‘नरो वा कुंजरो वा’ची जी पुनरावृत्ति झाली, तिची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

10 एप्रिल 1917 रोजीं बर्लिनच्या ‘लोकाल-आन्त्सायगर’ पत्रांत रणभूमीवरील बातमीदाराचें एक लहानसें टिपण आलें. फ्रान्समधील एका गांवाजवळून जातांना त्यास चुना भाजल्यासारखा वास आला. तेथें सैन्याचा ‘काडाव्हर’ कामीं लावण्याचा कारखाना होता. चरबीचें वंगण होई आणि उरलेल्या भागाची पूड डुकरांच्या खाद्यांत व खतांत जाई. जर्मन व्यवहारांत ‘काडाव्हर’ म्हणजे मेलेलें जनावर. मनुष्याच्या प्रेतास त्या भाषेंत निराळा शब्द आहे. त्या लढाईंत घोडे किती मेले हें ज्यास ठाऊक आहे, त्यास या टिपणाचें नवल वाटूं नये.

परंतु इंग्रजी ‘कॅडॅव्हर’ म्हणजे मानवी प्रेत; आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत विच्छेदनास ठेवतात तें. 17 एप्रिल रोजीं लंडनच्या ‘टाइम्स’ व ‘डेली मेल’ या पत्रांनीं हें टिपण एका बेल्जियन वृत्तान्तासह छापलें. त्या वृत्तान्तांत सैनिकांचीं प्रेतें आगगाडीनें कारखान्यांत आणल्याचें वर्णन होतें. एकास दुसऱ्याचा आधार मिळाला, आणि जर्मन लोक आपल्याच मृत वीरांची चरबी काढतात ही वार्ता जगभर झाली.

महिनाअखेर पार्लमेंटांत प्रश्न निघाला. लॉर्ड रॉबर्ट सेसिल यांनीं, जर्मन पत्रांतील उताऱ्यांपलीकडे सरकारजवळ माहिती नाहीं, असें सांगितलें. मात्र जर्मनांचीं इतर कृत्यें पाहतां यांत अविश्वसनीय कांहीं नाहीं, अशी पुस्तीही जोडली. या प्रकरणांत आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतें तें हेंच उत्तर. त्यांतील एकही शब्द खोटा म्हणून पकडतां येत नाहीं. ऐकणारा मात्र खोटें घेऊन घरीं जातो.

2 डिसेंबर 1925 रोजीं परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनीं, या गोष्टीस कधींच आधार नव्हता, हें जर्मन सरकारचें म्हणणें पार्लमेंटांत मान्य केलें. युद्ध संपून सात वर्षें झालीं होतीं. आतां यांत कोणाचें काय गेलें, असें कोणी विचारील.

त्याचें उत्तर 1943 सालीं मिळालें. पोलंडांत विषारी वायूनें माणसें मारलीं जात असल्याच्या वार्ता येत होत्या. ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष कॅव्हेंडिश-बेंटिंक यांनीं त्यांवर अविश्वास दाखविला, आणि गेल्या युद्धांतील प्रेतांच्या चरबीच्या कथेचा दाखला दिला. या वेळीं वार्ता खरी होती. केवळ या अविश्वासामुळें ती कत्तल चालली, असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्यांस जगानें तत्काळ विश्वास ठेवावयास हवा होता, त्यांच्या आक्रोशापुढें ही जुनी थाप येऊन उभी राहिली खरी.

म्हणून युद्धवार्ता वाचतांना मूळ शब्द कोणता होता आणि तो कोणीं बदलला, एवढें तरी आपण विचारावें. त्या एका वाक्यानें धर्मराजाचा रथ जमिनीस टेकला, असें पुराणिक सांगतात. येथें ज्यांनीं वाक्य उच्चारलें त्यांचे रथ चालतच राहिले. किंमत पडली ती पंचवीस वर्षांनंतरच्या परक्या माणसांस.