पहारा : वीणेच्या राखणीची कुळकथा

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा गळ्यात घेऊन नामस्मरण करीत उभे राहण्याची जी पाळी असते, तिला वारकरी 'पहारा' म्हणतात. किल्ल्याचा दरवाजा आणि खजिना राखणाऱ्यांचा हा शब्द भजनात कसा रुजला, हे समजण्यासाठी त्याचे कूळ पाहावे लागते.

संस्कृतात 'प्रहर' म्हणजे मुळात आघात किंवा टोला. अहोरात्राचे आठ भाग करून प्रत्येक भाग सरल्याची वर्दी टोला देऊन दिली जाई आणि त्यावरून साडेसात घटकांच्या, म्हणजे तीन तासांच्या, त्या कालखंडालाच प्रहर हे नाव मिळाले. घटका म्हणजे २४ मिनिटे. तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यात तरंगत ठेवीत आणि ती भरून बुडाली की एक घटका झाली असे मानीत. राखणदारांची पाळी प्रहरागणिक बदलत असल्याने काळाचे नाव कामाला लागले आणि प्राकृत 'पहर' या रूपाच्या कुळातला 'पहारा' हा शब्द मराठीत राखणीचा वाचक ठरला.

सात दिवसांची मुदत मात्र भागवताच्या परंपरेतून आली. शापामुळे आयुष्याचे सातच दिवस उरलेल्या परीक्षित राजाने शुकमुनींकडून भागवत ऐकले, या कथेच्या आधारावर भागवताचे सप्ताह होऊ लागले. वारकऱ्यांनी त्या चौकटीत ज्ञानेश्वरीचे पारायण, पहाटेचा काकडा, सायंकाळचा हरिपाठ व रात्रीचे कीर्तन बसवले आणि या सर्वांच्या पाठीशी वीणेचा अखंड नाद ठेवला. गोदावरीकाठच्या सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील सप्ताह १९व्या शतकाच्या मध्यापासून चालत आला असून तो दरवर्षी वेगवेगळ्या गावी भरतो. बंगालमधील वैष्णवांतही अखंड नामसंकीर्तनाला 'अष्टप्रहर' म्हणतात, म्हणजे तेथेही नामाची मोजणी याच मापाने होते.

वारकऱ्यांची वीणा ही रागविस्तारासाठी वाजवण्याची वीणा नव्हे. मोकळ्या तारा छेडून आधारस्वर धरणारे ते तंबोऱ्याच्या जातीचे वाद्य आहे. ती वाजवण्यास बोटांचे कौशल्य फारसे लागत नाही, म्हणून शेतकरी, सुतार, दुकानदार असा कोणीही तिचा सेवेकरी होऊ शकतो. लागते ती आचाराची शुद्धता आणि उभे राहण्याची तयारी. पहारेकरी स्नान करून अनवाणी येतो, गळ्यात तुळशीची माळ असते, पाळी चालू असताना इतर बोलणे तो टाळतो आणि वीणा जमिनीवर टेकू देत नाही. पाळी बदलताना देणारा व घेणारा परस्परांना नमस्कार करतात व वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. पुढचा येईपर्यंत जागा सोडायची नाही, हा किल्ल्यावरचा नियम येथे जसाच्या तसा टिकला आहे.

प्रहराच्या हिशेबाने सप्ताहात ५६ पहारे होतात. आज अनेक गावांत पाळी एक किंवा दोन तासांचीच असते, तरी नाव पहाराच राहिले आहे. सात दिवसांचे जागरण एका देहाला झेपणारे नाही, ते गावाने वाटून घेतले म्हणून अखंड झाले; आणि ज्याच्या वाट्याला पहाटे तीनची वेळ येते, त्याचा संयम केवळ त्याच्यापुरता राहत नाही, कारण तो निजला तर साऱ्या गावाचा नेम खंडित होतो. वारकरी साधनेत आत्मसंयमाला मिळालेले हे सामुदायिक रूप फार मोलाचे आहे. ध्वनिमुद्रित नाम लावून ही पाळी भरता येत नाही, कारण यंत्राला झोप आवरावी लागत नाही. म्हणून पहाऱ्याच्या यादीत ज्याने आपले नाव लिहिले, त्याने आपली वेळ स्वतः उभे राहूनच पुरी करावी.