बोरीकाठचे गिरणीगाव : अमळनेरच्या जडणघडणीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील गिरणी उद्योगाचा इतिहास बहुतांशी मुंबई आणि सोलापूर या दोन शहरांच्या आधारे लिहिला गेला आहे. गिरणगाव म्हटले की परळ-लालबाग डोळ्यांसमोर येते. तथापि विसाव्या शतकाच्या प्रारंभी कापूस पिकविणाऱ्या प्रदेशातच, नदीकाठच्या लहान गावांतूनही कापडगिरण्या उभ्या राहिल्या. खानदेशातील अमळनेर हे त्यांपैकी एक ठळक उदाहरण होय. बोरी नदीच्या काठी वसलेले, आज जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असलेले हे गाव संतांची भूमी, साने गुरुजींची कर्मभूमी आणि तत्त्वज्ञान मंदिराचे गाव म्हणून परिचित आहे. या तिन्ही ओळखींच्या शेजारी गिरणीचा भोंगा उभा आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. गिरणीतून निर्माण झालेले धन गावात कोणत्या वाटांनी मुरले, या प्रश्नाच्या अनुषंगाने अमळनेरच्या जडणघडणीचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

नदी, किल्ला आणि वाडी

बोरी ही तापीची उपनदी. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी आणि उन्हाळ्यात वाळूचे पात्र उघडे टाकणारी ही नदी गावाच्या जुन्या वस्तीला बिलगून जाते. नदीकाठच्या भुईकोट किल्ल्याची साक्ष देणारा दगडी दरवाजा आजही गावाच्या मध्ययुगीन महत्त्वाची आठवण करून देतो. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यानंतरही येथील अरब शिबंदीने इंग्रजांना सहजासहजी किल्ला दिला नाही. खानदेशात कंपनी सरकारचा अंमल बसविताना इंग्रजांना ज्या ठिकाणी लष्करी बळ वापरावे लागले, त्यांत अमळनेरचा समावेश होतो.

नदीचे दुसरे नाते वारकरी परंपरेशी आहे. संत सखाराम महाराजांची समाधी बोरीच्या पात्रालगत असून त्यांच्या संस्थानाची 'वाडी' हे गावाचे धार्मिक केंद्र आहे. वैशाखात येथे यात्रा भरते. एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी निघते. ऐन उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना पात्रात दुकाने, पाळणे आणि माणसांची गर्दी दाटते. पाणी नसलेल्या काळातही नदीच गावाला एकत्र आणते, हे या यात्रेचे वैशिष्ट्य म्हणता येईल. गिरणी येण्यापूर्वीच अमळनेरला परिसरातील खेड्यांना ओढून घेणारे असे केंद्रस्थान लाभले होते.

कापूस आणि लोहमार्ग

खानदेशच्या काळ्या जमिनीत कापसाची लागवड जुनीच. तथापि १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा खंडित झाला आणि येथील कापसाला अभूतपूर्व मागणी आली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, तरी नगदी पिकाची आणि निर्यात व्यापाराची घडी कायम राहिली. सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने हे त्याचे पुढचे पाऊल होते.

अमळनेरच्या बाबतीत निर्णायक ठरला तो लोहमार्ग. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे आणि जळगावहून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची शाखा या दोहोंची गाठ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १९०० च्या सुमारास, अमळनेर येथे पडली. पूर्वेकडे भुसावळ-नागपूर आणि पश्चिमेकडे सुरत अशा दोन्ही दिशा एका तालुक्याच्या गावाला खुल्या झाल्या. कच्चा माल भोवतालच्या शेतांत, मजूर भोवतालच्या खेड्यांत आणि बाजारपेठ लोहमार्गाच्या दोन्ही टोकांना, अशी अनुकूलता एकत्र आल्यानंतर येथे कापडगिरणी निघणे स्वाभाविक होते.

प्रताप मिल : गिरणी आणि गाव

१९०६ हे वर्ष खानदेशच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. याच वर्षी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे विभाजन झाले आणि याच वर्षी मोतीलाल माणिकचंद ऊर्फ श्रीमंत प्रताप शेठ यांनी अमळनेर येथे प्रताप स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची स्थापना केली. स्वदेशीच्या चळवळीने देशी कापडाला नैतिक प्रतिष्ठा मिळवून दिली, तो हाच काळ होता.

गिरणीमुळे गावाच्या कालगणनेतच बदल झाला. शेतीचा दिवस सूर्यावर चालतो, तर गिरणीचा दिवस भोंग्यावर चालतो. पेरणी-वेचणीच्या हंगामांवर जगणाऱ्या माणसाला पाळी, हजेरी आणि पगाराची तारीख या नव्या गोष्टींशी जुळवून घ्यावे लागले. मात्र मुंबईच्या गिरणी कामगाराप्रमाणे त्याला शेकडो मैल दूर जाऊन खोलीत दाटीवाटीने राहण्याची सक्ती नव्हती. त्याचे खेडे, त्याची अहिराणी बोली आणि त्याचा सखाराम महाराजांचा उत्सव हाकेच्या अंतरावर होते. लहान गिरणीगाव आणि महानगर यांतील हा भेद सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा आहे.

संपत्तीची पहिली वाट : ज्ञानसंस्था

प्रताप शेठ यांनी गिरणीच्या उत्पन्नाचा काही भाग शिक्षण आणि तत्त्वचिंतन यांकडे वळविला. १९१६ मध्ये अमळनेर येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. वेदान्ताचा, विशेषतः अद्वैताचा, अभ्यास आधुनिक पद्धतीने व्हावा हा त्यामागील हेतू होता. १९२५ पासून येथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी नियतकालिक निघू लागले. घ. रा. मलकानी, रासबिहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती आणि कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे विचारवंत या संस्थेशी निगडित होते. मलकानी, दास आणि मूर्ती यांनी एकत्रितपणे लिहिलेला 'अज्ञान' हा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाजूला सुताच्या चात्यांचा अखंड आवाज आणि दुसऱ्या बाजूला अविद्येच्या स्वरूपाविषयीचा वाद, असा योग भारतातील अन्य गिरणीगावांत क्वचितच आढळेल.

पुढे ही संस्था पुणे विद्यापीठाशी जोडली जाऊन 'प्रताप तत्त्वज्ञान केंद्र' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १९७३ पासून 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली'च्या रूपाने तिच्या नियतकालिकाची परंपरा नव्याने सुरू झाली. दरम्यान १९४५ मध्ये प्रताप महाविद्यालय स्थापन झाले आणि उच्च शिक्षणाची सोय खानदेशातील ग्रामीण विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आली.

याच वातावरणात पांडुरंग सदाशिव साने अमळनेरला आले. काही काळ तत्त्वज्ञान मंदिरात राहिल्यानंतर १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांची सेवाशुश्रूषा करणारा, त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढणारा हा शिक्षक १९३० मध्ये नोकरी सोडून सविनय कायदेभंगात उतरला. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले आणि खानदेशातील शेतकरी व गिरणी कामगार यांच्या प्रश्नांना वाचा फोडली. मालकाच्या दानातून उभ्या राहिलेल्या शाळेतील शिक्षकानेच पुढे कामगारांची बाजू घेतली, ही बाब केवळ योगायोगाची नाही. शिक्षणसंस्था दात्याच्या नावाने ओळखली जाते, पण तिच्यात वाढणारा विचार दात्याच्या मालकीचा राहत नाही, हे यातून स्पष्ट होते.

संपत्तीची दुसरी वाट : भागभांडवल

डिसेंबर १९४५ मध्ये महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेर येथे वनस्पती तुपाच्या उत्पादनासाठी कंपनी स्थापन केली. भोवतालच्या तेलबियांवर आधारलेला हा उद्योग होता. १९६६ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र अझीम प्रेमजी यांनी वयाच्या २१ व्या वर्षी सूत्रे हाती घेतली. तीच कंपनी पुढे 'विप्रो' या नावाने संगणक व माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात जगभर पोहोचली. अमळनेरमधील ज्या कुटुंबांनी सुरुवातीच्या काळात या कंपनीचे समभाग घेतले आणि जपून ठेवले, त्यांना त्याचा मोठा लाभ झाला. येथे संपत्ती दानरूपाने नव्हे, तर मालकीतील वाट्याच्या रूपाने गावात पोहोचली.

या दोन वाटांची तुलना अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवरा खोऱ्याशी करणे उद्बोधक ठरते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम १९५० मध्ये सुरू झाला. तेथे कच्चा माल पुरविणारा शेतकरीच कारखान्याचा सभासद होता. अमळनेरच्या कापूस उत्पादकाला प्रताप मिलमध्ये असे स्थान नव्हते. दान, समभाग आणि सभासदत्व या तीन वाटांपैकी प्रत्येकीने वेगळे गाव घडविले. परंतु तिन्ही वाटांनी एका घटकाला बाजूलाच ठेवले. तो घटक म्हणजे केवळ मजुरीवर जगणारा कामगार होय.

गिरणीनंतरचे गाव

कालांतराने प्रताप मिल बंद पडली. जुनी यंत्रे, वाढता तोटा आणि यंत्रमागाची स्पर्धा यांमुळे महाराष्ट्रातील संमिश्र कापडगिरण्यांची जी सार्वत्रिक पीछेहाट झाली, तिच्यातून लहान गिरणीगावेही सुटली नाहीत. तथापि अमळनेर ओसाड झाले नाही. शाळा, महाविद्यालय, बाजारपेठ, लोहमार्ग आणि यात्रा यांनी गावाला सावरले. मंगळग्रहाच्या दुर्मीळ मंदिरामुळे दर मंगळवारी दूरदूरचे भाविक येथे येतात. १९५२ मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली येथे मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्यानंतर ७२ वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली ९७ वे अखिल भारतीय संमेलन याच गावात झाले. त्याच सुमारास येथे विद्रोही साहित्य संमेलनही भरले. प्रस्थापित आणि विद्रोही अशा दोन्ही मंडपांना जागा देणारे हे गाव आपल्या जुन्या स्वभावाला धरूनच वागले, असे म्हणावे लागेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, अमळनेरचे सौंदर्य नदी, मंदिर किंवा जुनी वास्तू यांपैकी एकातच सामावलेले नाही. भक्ती, कापूस, चिंतन आणि चळवळ यांचे एकाच लहानशा वस्तीत घडलेले सान्निध्य हे त्याचे खरे आकर्षण होय. मात्र या इतिहासाच्या जतनात एक असमतोल आहे. दात्याचे नाव इमारतींवर कोरलेले आहे, विचारवंतांचे लेखन ग्रंथालयांत आहे आणि समभागधारकांची नोंद कंपनीच्या दप्तरात आहे. कामगाराच्या वाट्याला आली ती हजेरीपटावरील एक ओळ. गिरणीबरोबर असे कागदही नाहीसे होतात आणि ज्यांनी भोंग्यावर आयुष्य काढले, ती पिढीही आता मावळतीला आहे. अशा ज्येष्ठ कामगारांच्या मौखिक आठवणी, पगाराच्या चिठ्ठ्या, संघटनांची पत्रके आणि कौटुंबिक छायाचित्रे संकलित करण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज हाती घेता येण्याजोगे आहे. गिरणीच्या धनातून ज्या प्रदेशात महाविद्यालय उभे राहिले, तेथे हे काम म्हणजे संशोधनाबरोबरच ऋणफेडही ठरेल.