कार्नियनचं माहेर कोणतं?

ऑस्ट्रिया आणि इटलीच्या हद्दीवर पूर्व-पश्चिम सुमारे १०० किलोमीटर पसरलेली कार्निक आल्प्सची रांग आहे. भूवैज्ञानिकांच्या कालपटावर 'कार्नियन' नावाचा एक कालखंड आहे, ट्रायासिकमधला, सुमारे २३.७ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेला. दोन्ही नावं सख्खी वाटतात. पण या रांगेच्या मुख्य कण्यातले बहुतेक खडक कार्नियनपेक्षा कितीतरी जुने आहेत. सर्वांत जुने तर ४५ कोटी वर्षांपलीकडचे, ऑर्डोव्हिशियन काळातले. सर्वोच्च शिखर होहे वार्टे (२७८० मीटर) डेव्होनियन समुद्रातल्या प्रवाळभित्तीच्या चुनखडकाचं आहे. मग जो काळ तिथे जेमतेम दिसतो, त्याला तिथलं नाव कसं मिळालं?

नाव दिलं १८६९ मध्ये, व्हिएन्नाच्या एडमुंड फॉन मोयसिसोविच यांनी. तेही कार्निक आल्प्समध्ये उभं राहून नव्हे. त्यांच्यासमोर होता बऱ्याच उत्तरेकडचा, साल्झकामरगुटमधला हालश्टाट चुनखडक आणि त्यातले अमोनाइट जीवाश्म. नाव नेमकं कशावरून घेतलं याबद्दल आजही एकमत नाही. कोणी कार्निक आल्प्स म्हणतं, कोणी इटलीच्या बाजूचा कार्निया प्रदेश, तर कोणी ऑस्ट्रियाचा कॅरिन्थिया प्रांत.

कॅरिन्थियावाल्यांची बाजू लंगडी नाही. या काळाचे नावाजलेले थर राइब्ल या खाणगावाचे. आज ते इटलीत असलं तरी तेव्हा कॅरिन्थियात होतं. पण मला ते पटत नाही, आणि कारण व्याकरणाचं आहे. जर्मनमध्ये कॅरिन्थिया म्हणजे 'केर्न्टन' आणि तिथलं ते 'केर्न्टनर'. 'कार्निश' हे विशेषण आल्प्सच्या या रांगेला लागतं, आणि मोयसिसोविच यांनी तेच वापरलं. शिवाय १८६२ मध्ये ऑस्ट्रियन आल्पाइन क्लब स्थापन करणाऱ्यांत ते स्वतः होते. त्यांचा सहसंस्थापक पाउल ग्रोमान याने १८६५ मध्ये होहे वार्टे सर केलं. चारच वर्षांनी हे नाव छापून आलं. डोंगरवेड्या माणसाच्या मनात तेव्हा हीच रांग असणार, असं मी ठामपणे म्हणतो.

याच्याही मागे गेलं की तिन्ही नावं एका घरात शिरतात. रोमनांच्या विजयोत्सवांच्या शिलालेखात इ.स.पू. ११५ साली मार्कस एमिलियस स्कॉरसने 'गॉल कार्नी' लोकांवर मिळवलेल्या विजयाची नोंद आहे. कार्निया त्यांच्यावरून. आता 'कार्नी' म्हणजे काय? एक मत सांगतं शिंग, म्हणजे सुळका. गॉल लोकांच्या रणशिंगाचं नाव 'कार्निक्स' तेच मूळ दाखवतं. दुसरं मत सांगतं दगड, दगडांची रास. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये 'कार्न' आजही त्याच अर्थाने चालतो.

कॅरिन्थियाचं जुनं नाव कारांतानम. आठव्या शतकातला इतिहासकार पॉल द डीकन ते 'कार्नुंटम'चा अपभ्रंश ठरवून मोकळा झाला, पण कार्नुंटम हे रोमन ठाणं पार डॅन्यूबच्या काठी, व्हिएन्नाच्या पूर्वेला. आज कॅरिन्थियात लोकप्रिय असलेली व्युत्पत्ती वेगळी आहे: केल्टिक 'कारांत', म्हणजे मित्र, कॅरिन्थिया म्हणजे मित्रांचा देश. गोड आहे, पण मित्राचं नाव डोंगराला का द्यावं? मध्ययुगात कॅरिन्थियाच्या मधोमध उभ्या उलरिक्सबर्गला 'कारांतानस' पर्वत म्हणत, आणि त्याच्या पायथ्याचं गाव कार्नबुर्ग. त्याच्या दक्षिणेला कारावांकेन रांग, टॉलेमीच्या भूगोलात दुसऱ्या शतकातच नोंदलेली. आणखी दक्षिणेला क्रास पठार, जर्मनमध्ये 'कार्स्ट'. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतल्या कार्स्ट भूरूपांचं नाव तिथलंच. 'कारांत' आणि 'कार्न' यांची घडण वेगळी आहे, हा आक्षेप मान्य. पण इतक्या खडकाळ नावांचा एकाच मुलखात जमाव झाला असताना मी 'कर' म्हणजे दगड या जुन्या धातूच्याच बाजूने कौल देतो. संस्कृतातला 'कर्कर', म्हणजे कठीण, हाही काही अभ्यासक त्याच गोतावळ्यात धरतात.

रांगेची बाकी हकिकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. उत्तरेला गाइल नदीची दरी आल्प्समधल्या एका मोठ्या भ्रंशरेषेवर बसली आहे, आणि १९१५ ते १९१७ या काळात माथ्यावर ऑस्ट्रिया आणि इटलीची सैन्यं समोरासमोर होती.

नावाची वाट मात्र कड्यावरून खाली उतरून दूर गेली. कार्नियनच्या प्रारंभाचा अधिकृत जागतिक मानक छेद २००८ मध्ये डोलोमाइट डोंगरांतल्या प्राती दि स्तुओरेसला ठरला. कार्निक आल्प्सला तो मानही मिळाला नाही. आणि आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, जिथे आल्वॉकेरिया हा भारतातला एक अतिशय जुना डायनोसॉर सापडला, त्या खालच्या मलेरी थरांचं वय भूवैज्ञानिक कार्नियन असंच सांगत आले आहेत.