शिष्यवृत्तीवर शिकलेला अर्थमंत्री : डॉ. मनमोहन सिंग



"शिकून काय करणार?" हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यांतून अजूनही कानी पडतो. दहावीचा निकाल लागण्यापूर्वीच मुलाच्या पासपोर्टची धावपळ करणारी घरे आपल्यात थोडी नाहीत. त्यांना नावे ठेवण्याचा हेतू नाही; आखाती देशांतील कष्टाच्या कमाईवरच आपली अनेक घरे उभी राहिली. पण त्या कमाईला इल्मची जोड का हवी, हे सांगणारे एक चरित्र आज आपणापुढे ठेवतो.

मनमोहन सिंग यांचा जन्म २६ सप्टेंबर १९३२ रोजी, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबमधील गाह या खेड्यात झाला. लहानपणीच आई वारली. आजीने त्यांना वाढविले. गावात वीज नव्हती. अभ्यास रॉकेलच्या दिव्यावर चाले. गावच्या शाळेतील त्यांचे पहिले शिक्षण उर्दूतून झाले, ही गोष्ट उर्दू माध्यमातील मुलांनी अवश्य ध्यानात ठेवावी. पुढे पंतप्रधान झाल्यावरही त्यांची हिंदी भाषणे उर्दू लिपीत लिहिलेली असत. १९४७ च्या फाळणीत घरदार सुटले आणि कुटुंब अमृतसरला आले. जमीन मागे राहिली, घर मागे राहिले. सोबत आली ती फक्त विद्या.

त्या शिदोरीवर पंजाब विद्यापीठ, नंतर केंब्रिज आणि ऑक्सफर्ड अशी त्यांची वाटचाल झाली, आणि तिला शिष्यवृत्त्यांचा मोठा आधार होता. ऑक्सफर्डला त्यांनी भारताच्या निर्यातीवर प्रबंध लिहिला. १९६४ साली तो पुस्तकरूपाने आला. भारताला निर्यात वाढविण्यास फारसा वाव नाही, असे त्या काळी अनेक विद्वान मानीत. दोष केवळ परदेशी बाजाराचा नसून आपल्या धोरणांचाही आहे, असे या तरुणाने आकडेवारीनिशी मांडले.

त्यानंतर त्यांनी अध्यापन केले. १९७२ मध्ये ते सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार, १९७६ मध्ये अर्थसचिव आणि १९८२ ते १९८५ मुंबईत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. एकेक पायरी चढत वीस वर्षे गेली.

आणि मग १९९१ साल उजाडले. त्याआधी ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले होते. दीड लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणावे लागले. तेल महागले आणि आखातातून येणारा पैसा आटला. सरकारचे कर्ज आधीच वाढलेले होते. जून १९९१ मध्ये देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले. घरात अडचण आली की आपण दागिने गहाण टाकतो. देशानेही तेच केले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी गहाण गेले.

अशा वेळी पंतप्रधान नरसिंह राव यांनी या अर्थशास्त्रज्ञाच्या हाती अर्थखाते दिले. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. त्यामुळे बाहेरचा माल महागला, पण आपला माल परदेशी गिऱ्हाइकाला स्वस्त पडू लागला. २४ जुलैला अर्थसंकल्प आला. त्याच दिवशी मोजके उद्योग सोडून बाकीच्यांवरील परवान्याचे बंधन उठविण्यात आले. जवळजवळ तीस वर्षांपूर्वी ग्रंथालयात बसून केलेला विचार असा देशाच्या कामी आला.

हा मार्ग फुलांचा नव्हता. खतांची किंमत ४० टक्क्यांनी वाढविताच स्वपक्षातूनही विरोध झाला आणि ती वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली. १९९२ मध्ये रोखे घोटाळा उघडकीस आला. सुधारणांचे फळ सर्वांच्या ताटात सारखे पडले नाही, ही टीकाही खोटी नव्हे. तरीही मार्च १९९६ अखेर देशाकडे सुमारे १७ अब्ज डॉलरचे परकीय चलन होते.

२००४ ते २०१४ ते पंतप्रधान होते. २००५ मध्ये त्यांनी न्यायमूर्ती राजेंद्र सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली मुस्लिम समाजाच्या सामाजिक, आर्थिक व शैक्षणिक स्थितीच्या पाहणीसाठी समिती नेमली. नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला आणि पुढील दोन वर्षांत अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाच्या कारकिर्दीत हे घडावे, हे उचितच होय. २६ डिसेंबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकहो, १९९० मध्ये कुवेतहून जे परतले, त्यांची वर्षांची कमाई एका रात्रीत मागे राहिली. ज्याच्या हाती पदवी वा हुन्नर होता, तो पुन्हा उभा राहू शकत होता. मुलाला परदेशी पाठवायचे तर जरूर पाठवा, पण आधी त्याला पुरते शिकू द्या; आणि मुलीलाही तितकेच शिकवा. विद्यार्थी मित्रांनो, आज तुम्ही मन लावून सोडविलेले गणित कधी आणि कोठे उपयोगी पडेल, हे तुम्हांला आज कळणार नाही. गाहच्या त्या मुलालाही ते कळले नव्हते. तो फक्त अभ्यास करीत राहिला.