हिरडा : जुनाट अजीर्णावरील उपयोग (पिंजौर–मोरणी परिसर)

हिरडा हे कॉम्ब्रेटेसी कुलातील टर्मिनालिया चेब्युला या वृक्षाचे फळ असून संस्कृत ग्रंथांत ते हरीतकी, अभया व पथ्या या नावांनी, तर पिंजौर, कालका व चंदीगडच्या बाजारांत हरड या नावाने ओळखले जाते. हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यातील पिंजौर हे गाव शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, चंदीगडहून कालक्याकडे जाणाऱ्या वाटेवर वसले आहे. त्याच जिल्ह्यातील मोरणीच्या डोंगरांत हिरडा, बेहडा व आवळा हे त्रिफळ्याचे तिन्ही वृक्ष आढळत असल्यामुळे पोटाच्या जुन्या तक्रारींवरील देशी उपचारांचा कच्चा माल येथे जवळच मिळतो.

जुनाट अजीर्ण म्हणजे एखाद्या दिवशीच्या जड जेवणाने होणारे अपचन नव्हे. जेवणानंतर पोट तासन्‌तास भरलेले राहणे, चार घासांतच तृप्ती होणे, वरच्या पोटात दुखणे वा जळजळणे ही लक्षणे तपासणीत कोणतेही इंद्रियगत कारण न सापडता महिनोन्‌महिने टिकली, तर आधुनिक वैद्यक त्यास कार्यात्मक अपचन म्हणते. 2016 च्या रोम निकषांनुसार लक्षणांची सुरुवात किमान 6 महिन्यांपूर्वी झालेली असावी लागते व शेवटचे 3 महिने ती सुरू असावी लागतात. आयुर्वेद याच दुखण्याकडे अग्नीच्या, म्हणजे अन्न पचविणाऱ्या शक्तीच्या, बाजूने पाहतो. अग्नी सम, विषम, तीक्ष्ण व मंद असा चार प्रकारचा मानला असून, अजीर्णाचे कफप्रधान आम, पित्तप्रधान विदग्ध, वातप्रधान विष्टब्ध व अन्नरस शिल्लक राहिल्याने होणारे रसशेष असे भेद सांगितले आहेत. ही विभागणी निव्वळ शास्त्रार्थासाठी नाही, कारण औषध तिच्यावरूनच ठरते. पोट फुगून मलावरोध झालेल्या विष्टब्ध अजीर्णात हिरडा चपखल बसतो, परंतु आंबट ढेकर व दाह असलेल्या विदग्ध अजीर्णात तोच उष्णवीर्य हिरडा विचार न करता दिल्यास जळजळ वाढू शकते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्याच अध्यायाचा पहिला पाद हिरडा व आवळा यांच्या नावाने ओळखला जातो, यावरून या फळाचे स्थान ध्यानात येते. हिरड्यात खारट सोडून पाचही रस मानले आहेत. सोळाव्या शतकातील भावमिश्राने भावप्रकाशात त्याचा जो बारकावा नोंदविला आहे तो विशेष मोलाचा आहे : चावून खाल्लेला हिरडा अग्नी वाढवितो, वाटून घेतलेला मळ बाहेर काढतो, वाफवलेला उलट मळ बांधून धरतो आणि भाजलेला तिन्ही दोषांवर चालतो. एकच फळ संस्कारभेदाने बद्धकोष्ठावरही व अतिसारावरही वापरले जात असल्यामुळे, बाजारातील एकच तयार चूर्ण सर्वांना सारखे लागू पडेल ही आजची समजूत मूळ परंपरेशीच विसंगत ठरते. ऋतूनुसार अनुपानही, म्हणजे औषधासोबत घ्यायचे द्रव्यही, बदलते : वर्षा ऋतूत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध व ग्रीष्मात गूळ. गर्भवती, उपाशी, अतिशय कृश, वाटचालीने थकलेले व पित्त वाढलेले रुग्ण यांना मात्र हिरडा वर्ज्य सांगितला आहे.

महाराष्ट्रातील घरांत हा वापर सर्वांत जवळून दिसतो तो बाळघुटीत. हिरडा, सुंठ, वेखंड, मुरुडशेंग, मायफळ ही द्रव्ये सहाणेवर थोड्या पाण्यात वा आईच्या दुधात उगाळली जातात आणि प्रत्येकाचे किती वेढे घ्यायचे ते बाळाचे वय व पोटाची स्थिती पाहून ठरते. हिरड्याचा वेढा एखाद-दुसरा कमी-अधिक करणारी आजी मात्रेचेच शास्त्र सांभाळत असते. मोठ्यांच्या अग्निमांद्यावर हिंग, सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा वा अजमोदा, सैंधव, जिरे व शहाजिरे यांचे हिंग्वाष्टक चूर्ण तुपात कालवून पहिल्या घासाबरोबर घेण्याची पद्धत आहे, तर ग्रहणी या जुन्या पचनविकारात ताकाचे महत्त्व मोठे आहे.

हिरडा भारताबाहेरही गेला. तिबेटी परंपरेत भैषज्यगुरू बुद्धाच्या हाती तो दाखवितात. कोरियात त्याला गाजा म्हणतात व मुख्यतः जुनाट अतिसार व खोकल्यावर देतात. तेथे अजीर्णासाठी मात्र दुसरीच द्रव्ये पुढे येतात : संत्र्याच्या जातीच्या फळांची वाळवलेली साल, मॅग्नोलियाची साल, अ‍ॅट्रॅक्टिलोडिसचे कंद व ज्येष्ठमध यांचा प्योंगवी-सान हा योग आले व बोराबरोबर देतात. हो जुन या राजवैद्याचा 1613 साली छापलेला दोंगुई बोगाम हा तेथील प्रमाणग्रंथ होय. रुग्णाची प्रकृती पाहून योग बदलण्याचा आग्रह दोन्ही परंपरांत सारखाच आहे.

पिंजौरच्या रुग्णाला देशी व आधुनिक दोन्ही वाटा हाताशी आहेत, कारण 1962 साली स्थापन झालेली चंदीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था तेथून फार दूर नाही. वजन घटणे, गिळताना अडकणे, वारंवार उलटी, काळा मल किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही असल्यास चूर्णावर दिवस काढू नयेत आणि आधी दुर्बिणीने जठराची तपासणी करून घ्यावी, कारण हीच लक्षणे व्रण वा कर्करोगाचीही असू शकतात. शिवाय अग्नितुंडी वटीसारख्या काही पाचक गोळ्यांत कुचला हे विषारी द्रव्य शुद्ध करून घातलेले असते, त्यामुळे त्या वैद्याच्या देखरेखीखालीच घ्याव्यात.

कोवळे, आठळी न धरलेले फळ वाळवून काळे झाले की त्यास बाळहिरडा म्हणतात, आणि हाच प्रकार उत्तरेत छोटी किंवा काळी हरड म्हणून विकला जातो. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व जुन्नर तालुक्यांत महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षभराच्या रोख उत्पन्नात बाळहिरड्याचा वाटा मोठा असल्याने, जून 2020 मधील निसर्ग चक्रीवादळात झाडे पडली तेव्हा त्यांचे नुकसान एका हंगामापुरते राहिले नाही. कोवळे फळ अधिक प्रमाणात उतरविल्यास पक्व बी कमी पडते व नवी रोपे घटतात, म्हणून प्रत्येक झाडावर काही फळे पिकू देणे सह्याद्रीत व शिवालिकात सारखेच आवश्यक आहे.